लाय, ले, लेड

कमला खोब्रागडेचं इंग्रजी कामापुरतं पक्कं होतं. नागपूरच्या सरकारी इस्पितळात ती नर्सिंग शिकली ती इंग्रजी पुस्तकांवरच, आणि अमेरिकेची परीक्षाही तिने पहिल्याच खेपेला काढली होती. टेक्ससमधल्या प्लेनोला, म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवतात तसल्या एका नर्सिंग होममध्ये ती नोकरीला लागली, त्याला आता काही वर्षं होत आली होती. बोलताना एखादं क्रियापद इकडचं तिकडे झालं म्हणून तिथे कोणाचं काही अडलं नव्हतं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मात्र एका क्रियापदावर तिचं सगळं घर येऊन टेकलं.

झालं ते असं. मार्च महिन्यातली संध्याकाळ होती. जेवणं आटपली होती आणि कमला औषधांची गाडी ढकलत खोल्यांवरून चालली होती. मिस्टर हॅडलींच्या दारातून तिने आत पाहिलं, तर म्हातारा पलंग सोडून खिडकीशी उभा. धिप्पाड माणूस, ऐंशीच्या पुढचा, वॉकरशिवाय पाऊल टाकायची मनाई. एका हाताने त्यांनी पडदा धरला होता आणि गुडघे लटलटत होते. कमला गाडी तशीच सोडून धावली. मागून त्यांच्या काखेत हात घालून तिने त्यांना धरलं आणि मदतीला हाक मारली. कोणी आलं नाही. त्या आठवड्यात कामावरची माणसं कमी केली होती आणि तिच्या बाजूची मदतनीस दुसऱ्या बाजूला पाठवली होती. तिने पुन्हा हाक मारली. म्हाताऱ्याचं सगळं ओझं आता तिच्या छातीवर आलं होतं.

अशा वेळी काय करायचं ते प्रत्येक नर्सला शिकवलेलं असतं. एक पाय पुढे काढायचा आणि त्या पायावरून माणसाला हळूहळू घसरत जमिनीवर आणायचं. कमलाने तेच केलं. त्यांना खाली निजवलं, डोक्याखाली घोंगडीची घडी सरकवली, पलंगाजवळच्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली आणि हात धरून बसून राहिली. ॲम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हा ती धापा टाकत एवढंच म्हणाली, "आय लेड हिम ऑन द फ्लोर." मी त्यांना जमिनीवर ठेवलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. उभ्या उभ्याच मोडलं की खाली येताना, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. इस्पितळात म्हाताऱ्याला न्यूमोनिया झाला आणि महिन्याभरात ते गेले. त्यांच्या मुलीने, जोआनने, नर्सिंग होमवर दावा लावला.

ऑगस्टात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, नर्सिंग होमच्या वकिलाने कमलाला डॅलसच्या आपल्या ऑफिसात बोलावलं. प्रेस्कॉट त्यांचं नाव. पांढरे केस, हलका आवाज, समोर बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास.

"मिसेस खो... कमला म्हटलं तर चालेल ना?" ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात तुमची साक्ष आहे. कोर्टात नाही, इथेच, टेबलाभोवती बसून. पण शपथेवर. एक छोटीशी भानगड आहे. ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, तुम्ही त्याला सांगितलंत, 'आय लेड हिम.'"

"हो," कमला म्हणाली.

"तुम्हाला म्हणायचं होतं, 'ही ले ऑन द फ्लोर.' ते जमिनीवर पडलेले होते. हो ना? लाय आणि ले यांत इथे जन्मलेल्या माणसांचासुद्धा गोंधळ होतो. माझी बायकोही चुकते. परदेशी माणूस चुकला तर त्यात काही नवल नाही."

 कमलाच्या डोक्यात दोन्ही शब्द एकमेकांवर सांडले होते.

"आमच्या म्हणण्याप्रमाणे," प्रेस्कॉट पुढे म्हणाले, "मिस्टर हॅडली सूचना मोडून स्वतःच उठले आणि पडले. तुम्ही आलात तेव्हा ते जमिनीवर होते. त्यात कोणाचा दोष नाही. पण 'लेड' म्हणालात, तर त्यांना जमिनीवर नेलं तुम्ही. मग विचारतील, एकटीने का? मग विचारतील, हाड कोणाच्या हातून मोडलं? तुमचं नर्सिंगचं लायसन्स आहे. तुमच्या ग्रीन कार्डाचा अर्जही, मला वाटतं, आपल्या नर्सिंग होमनेच केलाय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "काय बोलायचं, ते मी सांगत नाहीये. मी फक्त शब्दांचे अर्थ सांगतोय."

घरी येताना हायवेवर तिच्या दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते आणि ती ओठांतल्या ओठांत दोन्ही शब्द घोळवत होती.

तिचा नवरा भानुदास नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. बायकोच्या व्हिसावर इथे आला, तेव्हापासून त्याला नोकरी करायची परवानगी नव्हती. सकाळी मुलीला, उत्तराला, शाळेत सोडायचं, स्वयंपाक करायचा आणि ग्रीन कार्डाची वाट पाहायची. कार्ड आलं की इथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवीन, असं तो म्हणे. हल्ली तेही म्हणायचा थांबला होता.

कमलाने जेवताना सगळं सांगितलं. भानुदासचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. त्याने ताट बाजूला सारलं.

"अगं, हे तर मी पोरांना घोटून घोटून शिकवलंय. लाय म्हणजे आपण स्वतः निजणं, पडून असणं. लाय, ले, लेन. आणि ले म्हणजे दुसऱ्या कोणाला निजवणं, काही ठेवणं. ले, लेड, लेड. गंमत अशी, की निजण्याचा भूतकाळ ले, आणि निजवण्याचा वर्तमानकाळही ले. तिथेच सगळे आपटतात. निजणं आणि निजवणं, पडणं आणि पाडणं, आपल्यात कसं, ऐकलं की कळतं."

"म्हणजे मी म्हटलं ते बरोबर होतं," कमला म्हणाली. "मी निजवलं. लेड."

भानुदास बोलता बोलता थांबला. शिकवण्याच्या भरात त्याच्या लक्षात आलं नव्हतं की वकिलाला व्याकरण नको होतं.

तो हळू आवाजात म्हणाला, "पण हे बघ. तू निजवल्यावर ते तिथे पडून होतेच ना? मग 'ही ले ऑन द फ्लोर' हेही खरंच आहे. शब्द खोटा नाही."

"आणि त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधीचं विचारलं तर सांग. नाही विचारलं तर गप बस."

"अहो, ते विचारायलाच बसणार आहेत."

"कमल, आपण किती वर्षं थांबलोय, ते तुला माहीत आहे." त्याचा आवाज चिरका झाला. "अर्ज त्यांनी मागे घेतला तर पहिल्यापासून सुरुवात. पोरीची शाळा सोडून नागपूरला परत. आणि तिथे माझी जागा कोण ठेवून बसलंय? एका क्रियापदासाठी?"

उत्तरा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "व्हॉट डिड यू डू, आई?" तिने विचारलं. कमलाने तिच्या ताटात भात वाढला.

रविवारी डॅलसच्या ईश्वर वासनिकांच्या घरी बुद्धवंदना होती. नागपूर-अमरावतीकडची पाच-सहा कुटुंबं महिन्यातून एकदा जमत. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, सगळे ओळीत बसले आणि पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं कमला इतरांबरोबर म्हणाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा तिचा आवाज बसला. भानुदास शेजारीच होता. त्याला ते कळलं. त्यानेही डोळे मिटून घेतले, पण तो म्हणत राहिला, थोडा जास्तच मोठ्याने.

साक्षीच्या दिवशी भानुदासनेच गाडी चालवली. बाहेर उन्हाने डांबर मऊ पडलं होतं आणि आत एअर कंडिशनरमुळे कमलाची बोटं गार पडली. भानुदासला बाहेरच्या सोफ्यावर बसवून तिला एका लांब टेबलाशी नेलं. एका बाजूला प्रेस्कॉट, समोर जोआनचे वकील गार्झा, कोपऱ्यात शब्द न् शब्द टिपून घेणारी एक बाई आपल्या छोट्या यंत्रापुढे. आणि गार्झांच्या शेजारी स्वतः जोआन. पन्नाशीची, बापासारखीच उंच, रुंद खांद्यांची. तिने कमलाकडे एकदा पाहिलं आणि मग टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत बसली.

शपथ झाली. नाव, शिक्षण, नोकरी, सगळं विचारून झालं. मग गार्झांनी पेन खाली ठेवलं.

"मिसेस खोब्रागडे, ॲम्ब्युलन्सच्या माणसाला तुम्ही म्हणालात, 'आय लेड हिम ऑन द फ्लोर.' बरोबर?"

"माझी हरकत आहे," प्रेस्कॉट हसत म्हणाले. "साक्षीदाराची मातृभाषा इंग्रजी नाही. ले आणि लाय यांत त्यांचा घोटाळा झालाय."

"माझीही मातृभाषा इंग्रजी नाही," गार्झा म्हणाले. "त्या सांगतील."

कमलाने तोंड उघडलं. काल रात्रीपर्यंत भानुदासने तिच्याकडून एकच वाक्य म्हणवून घेतलं होतं. ही ले ऑन द फ्लोर. चार-पाच शब्द. ते म्हटलं की ही खोली, ही गार हवा, सगळं संपणार होतं. ती म्हणाली, "तो शब्द... मला आठवत नाही नीट."

प्रेस्कॉटनी मान हलवली, शाब्बास म्हटल्यासारखी.

गार्झांनी शांतपणे दुसरा प्रश्न विचारला. "मग मला हे सांगा. मिस्टर हॅडली किती वेळ तिथे एकटे पडून होते?"

कमलाने प्रेस्कॉटकडे पाहिलं.

"माझ्या अशिलाला हे एवढंच जाणून घ्यायचंय," गार्झा म्हणाले. "मार्चपासून त्या हेच विचारताहेत. वडील जमिनीवर पडलेले सापडले, असं त्यांना सांगण्यात आलं. किती वेळ पडले होते? हाका मारत होते का? कोणालाच माहीत नाही."

कमलाने जोआनकडे पाहिलं. जोआनचे हात आता टेबलावर नव्हते. तिने ते मांडीवर घेऊन एकमेकांत घट्ट अडकवले होते. इतके दिवस कमलाने या शब्दाचा विचार केला तो लायसन्सच्या, कार्डाच्या, भानुदासच्या बाजूने. त्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला ही बाई अशी बसली असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. म्हातारा एकटा पडून आहे, ओरडतोय, कोणी येत नाही. असं चित्र या बाईच्या डोळ्यांपुढे रोज उभं राहत असणार.

"ते एकटे पडले नव्हते," कमला म्हणाली. "नो. मी धरलं होतं. आय लेड हिम."

यंत्राची टकटक झाली आणि थांबली.

प्रेस्कॉटनी पाच मिनिटं मागितली. कॉरिडॉरमध्ये नेऊन ते कमलाला म्हणाले, अगदी हलक्या आवाजात, "तुम्ही काय करताय, ते तुमच्या लक्षात येतंय का? यापुढे मी तुमच्या बाजूने उभा राहीन की नाही, मला सांगता येत नाही." सोफ्यावरून भानुदास उठून उभा राहिला होता. त्याने कमलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. तो पुढे आला नाही. तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागला. कमलाला वाटलं, वकिलापेक्षा हेच जास्त लागलं.

आत गेल्यावर प्रश्न विचारायची पाळी प्रेस्कॉटची आली. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"लेड या शब्दाचा अर्थ तुम्हाला पक्का माहीत आहे, असं म्हणता?"

"येस."

"छान. लाय या क्रियापदाची तिन्ही रूपं सांगा बरं."

कमलाच्या कानात भानुदासचा आवाज घुमला, पण शब्द सापडेनात. "लाय... लेड..." ती थांबली. चुकलं, हे तिलाही कळलं. "लाय, ले... लेड?"

"लेन," प्रेस्कॉट म्हणाले. "लाय, ले, लेन. आता ले या क्रियापदाची?"

तिने काहीतरी सांगितलं. तेही उलटंसुलटं झालं. तिचं तोंड तापलं. नागपूरला शाळेत फळ्यासमोर उभं राहून मास्तरांनी प्रश्न विचारावा आणि मागून कोणीतरी खसखस पिकवावी, तसं झालं.

"म्हणजे तुम्हाला फरक सांगता येत नाही," प्रेस्कॉट टिपणाऱ्या बाईकडे वळून म्हणाले. "धन्यवाद. माझं झालं."

"सांगता येत नाही," कमला म्हणाली, "करून दाखवता येतं."

ती खुर्ची सरकवून उभी राहिली. आपण उभ्या कधी राहिलो, ते तिलाही कळलं नाही. "असा माणूस उभा आहे. मी मागे. काखेतून हात..." ती हवेत हात करून दाखवू लागली. रिकाम्या हवेत ते वेड्यासारखं दिसत होतं. टिपणारी बाई बोटं वर धरून गोंधळून बघत राहिली, कारण हातवारे तिच्या यंत्रात जाणार कसे?

तेव्हा जोआन उठली. "माझ्यावर दाखवा," ती म्हणाली.

दोन्ही वकील एकदम बोलू लागले. गार्झांनी तिचा दंड धरला. जोआनने तो सोडवून घेतला, चपला काढल्या आणि टेबलाला वळसा घालून कमलापुढे पाठ करून उभी राहिली. कमलाचं डोकं तिच्या खांद्यालाही पुरत नव्हतं.

"माझ्या वडिलांना कसं धरलंत, तसं धरा."

कमलाने तिच्या काखेखालून हात घातले आणि छातीवर एकमेकांत गुंफले. "आता गुडघे सोडा," ती म्हणाली. जोआनने सोडले. तेच ओझं, तसंच अंगावर आलं. कमलाच्या पाठीतून कळ गेली. तिने उजवा पाय पुढे काढला आणि त्या मोठ्या देहाला मांडीवरून, मग नडगीवरून, इंच इंच खाली आणलं. आणताना ती बोलत राहिली. नागपूरच्या वॉर्डात नव्या पोरींना शिकवताना बोलायची तशी. "इथे मी हाक मारली. कोणी आलं नाही. इथे परत मारली. इथे माझे हात सुटत होते, म्हणून खाली बसले. डोकं माझ्या हातात. डोकं आपटलं नाही." तिने जोआनचं डोकं गालिच्यावर टेकवलं. जवळ काही नव्हतं, म्हणून आपल्या साडीचा पदर घडी करून खाली दिला आणि शेजारी गुडघ्यांवर बसली.



"मग?" जोआनने छताकडे बघत विचारलं.

"मग मी हात धरून बसले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत."

"काही बोलले का ते?"

"म्हणाले, 'आय ॲम हेवी, एन्ट आय?' मी जड आहे ना? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, तू खोटं बोलतेस."

जोआनच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. हसू होतं, ते मध्येच फुटलं. तिने डोळ्यांवर हात घेतला आणि ती तशीच पडून राहिली.  कमलाला तिच्या डोक्याखालून पदर काढता येईना, म्हणून ती तशीच, वाकून, बसून राहिली.

टिपणारी बाई घसा खाकरून म्हणाली, "मी हे कसं लिहू?"

"लिहा," गार्झा म्हणाले, "की साक्षीदाराने माझ्या अशिलाला जमिनीवर निजवलं." प्रेस्कॉटनी हरकत नोंदवली. टकटक पुन्हा सुरू झाली.

परत जाताना गाडीत कमलाने आत झालेलं सगळं सांगितलं. घर आल्यावर इंजिन बंद करून भानुदास म्हणाला, "तिसरं रूप चुकलीस?"

"दोन्हींची रूपं चुकले."

"इतक्यांदा घोकून घेतलं होतं." तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. कमलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण वळूनही पाहिलं नाही. गाडी आतून तापू लागली तरी दोघं उतरले नाहीत.

प्रेस्कॉट म्हणाले होते, त्यातलं बरंचसं खरं झालं. नर्सिंग होमने जोआनशी कोर्टाबाहेर मिटवून घेतलं, पण महिन्याभरात कमलाच्या पाळ्या कमी केल्या आणि मग ग्रीन कार्डाचा अर्ज मागे घेतला. लायसन्सबद्दल चौकशीही बसली. ती हिवाळाभर चालली. एकटीने माणूस खाली आणलाच का, असं त्यांनीही विचारलं, आणि कमलाने तेच सांगितलं, याच शब्दांत. शेवटी तिच्यावर काही ठपका आला नाही. तोवर मध्ये असे आठवडे गेले, की भानुदासने बॅगा माळ्यावरून काढून बिछान्यावर ठेवल्या आणि उत्तराने त्या न विचारता परत वर चढवल्या.

पुढच्या वसंतात डॅलसच्या एका मोठ्या इस्पितळाने तिला घेतलं. त्यांना नर्सेस कमी पडत होत्या. त्यांनी नवा अर्ज केला, म्हणजे रांगेत पुन्हा शेवटी उभं राहणं आलं.  पण आठवड्यातून एका संध्याकाळी भानुदास वासनिकांच्या पोराला इंग्रजी शिकवायला घरी बोलावू लागला, पैसे न घेता. मग आणखी दोन-तीन मुलं यायला लागली. स्वयंपाकघरात भाजी परतताना कमलाला बाहेरचा त्याचा आवाज ऐकू येई. नागपूरच्या वर्गातला, भरलेला, मुलांना दटावणारा. जोआनशी तिचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. एकदा किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, दोन ओळी पलीकडे, एक उंच बाई डिकीत पिशव्या ठेवताना दिसली. कमलाने हात वर केला. जोआनने तिकडून पाहिलं, क्षणभर ओळख पटेना, मग तिनेही केला. दोघींच्या मध्ये गाड्या होत्या, ऊन होतं. आपापली कामं उरकून दोघी निघून गेल्या.